पाच शहरं आणि हिची बॅग

३ मार्च, मंगळवार

दुकानाच्या वहीत घरातलं लिहायचं नाही हा माझा नियम. त्या वहीत फक्त बॅगा: कोणाची, कधी न्यायची, आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते जसंच्या तसं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लोक नुसतं "चाक बिघडलंय" म्हणाले तर काही कळत नाही. पण एक बाई म्हणाल्या होत्या, "ओढताना मागे कोणीतरी कण्हत येतंय असं वाटतं," आणि मी बॅग हातात न घेताच सांगितलं की आस वाकलाय. म्हणून माणसाचे शब्द आपल्या मनाने बदलायचे नाहीत. छत्तीस वर्षं ही सवय अंगात मुरली आहे. आज घरात जे झालं तेही तसंच लिहून ठेवतो, फक्त वही वेगळी.

आज ही कचेरीतून शेवटची घरी आली. तेहतीस वर्षं नकाशा विभागात काम केलं. दुसऱ्यांनी मोजलेल्या रस्त्यांवर पारदर्शक कागद ठेवून ते बारीक पेनाने उतरवायचे, हे हिचं काम. कितीतरी शहरांच्या गल्ल्या हिला पाठ आहेत, आणि त्यातल्या एकाही शहरात हिने पाऊल ठेवलेलं नाही.

चहा मी केला. कप हातात घेऊन म्हणाली, "अहो, पाच शहरं ठरवून टाकली. अठरा दिवस. दोन एप्रिलला निघायचं. मी स्वतः उतरवलेलीच पाच घेतलीत. आता तुम्ही एवढंच सांगा, सॅक घ्यावी की सूटकेस? मला वाटतं, आपण आपलं सुटसुटीत निघावं."

मी विचारलं, "खोडरबर काय म्हणते?" खोडरबर म्हणजे हिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. एक रेघ काढते आणि दोन खोडते.

"ती काय म्हणणार? म्हणाली, इतकी वर्षं रेघा ओढल्या, आता त्यांच्यावरून चालून बघा."

म्हणजे दोघी मैत्रिणींनी मिळून बेत ठरवलाय. मला विचारलं ते बॅगेपुरतं. त्यात चूक काहीच नाही. घरात बॅगेचा माणूस असताना बाहेर कोणाला विचारणार?

पण अठरा दिवस! चौतीस वर्षांत आम्ही लागोपाठ तीन दिवसांपेक्षा जास्त एकमेकांपासून लांब राहिलेलो नाही. तेव्हा ही बहिणीकडे गेली होती, आणि तिसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप न लावताच घरी आलो होतो. हे हिला अजून माहीत नाही.

"सूटकेस," मी म्हणालो. तेवढं मात्र पटकन म्हणालो.

५ मार्च, गुरुवार

घरात दोन पक्ष झालेत. ही सॅकवाली, मी सूटकेसवाला.

हिचं म्हणणं असं, की पाच शहरं म्हणजे पाच मुक्काम. तिने प्रत्येक नकाशावर लाल ठिपका दिलाय. तीन ठिकाणी खोली वरच्या मजल्यावर, दोन ठिकाणी स्टेशनपासून दगडी रस्ता. "तुमची चाकं त्या दगडांवर दात वाजवतील."

माझं म्हणणं, सूटकेसमध्ये कपडे चुरगळत नाहीत, सगळं एका नजरेत दिसतं, आणि मुख्य म्हणजे हिचा उजवा खांदा. दोन वर्षं झाली, तो हात मागे जात नाही. स्वेटर घालतानासुद्धा बाही मी मागून धरतो. सॅक एकटीने पाठीवर चढवणं हिला जमणारच नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. "मागून पट्टा धरायला कोणीतरी लागेल."

ही म्हणाली, "धरणारं माणूस आहे ना."

कोण, खोडरबर? तिला स्वतःचा चष्मा धड नाकावर धरता येत नाही. मी म्हणालो, "त्या माणसाला जमेल असं वाटतं तुला?"

"जमेल की. जरा हट्टी आहे, पण जमेल." आणि गालातल्या गालात हसली.

हट्टी आहे हे खरंच. मागे आमच्या घरी आली तेव्हा पाऊण तास चपला घालून दारात उभी होती, बसत नाही म्हणून.

८ मार्च, रविवार

दुकानातून न्यायला कोणीच न आलेल्या दोन बॅगा आणल्या, एक सॅक, एक सूटकेस. दोन्हींत सारखं वजन भरलं, जुने नकाशे आणि तांदळाची पिशवी. आमच्या इमारतीचे चार मजले चढायचे, हिने सॅक घेऊन, मी सूटकेस घेऊन. भांडण एकदाचं मिटेल असं वाटलं.

सॅक मी मागून धरली. आधी डावा हात घातला, मग पट्टा खाली सैल सोडून उजवा. कोपर वर न नेता बरोबर आत गेला. हिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "बघा, जमतंय!" मी म्हणालो, "मला जमतंय. प्रश्न माझा नाहीये."

हिला काय वाटलं कोण जाणे, पण खूश होऊन भराभरा चढली. मी तिसऱ्या मजल्यावर चाक तपासायला थांबलो. (चाक ठीक होतं. दम लागला होता.) तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दार उघडलं. "हे काय, घर सोडताय की काय?"

वरून हिचा आवाज आला, "हो! आपण आता नाही इथे राहणार!"

ही स्वतःला आपण म्हणते, ती जुनी खोड आहे. "आपण नाही बाई कोणाच्या अध्यातमध्यात." "आपल्याला नाही असला पाणचट चहा चालत." सगळं एकटीचं, पण बोलणार अशी की वाटावं पाठीशी सगळं गाव उभं आहे.

निकाल सॅकच्या बाजूने लागला. मी तो मान्य केलेला नाही.

१२ मार्च, गुरुवार

दुकानात लेकीचा फोन आला. ती लांब असते, गुरुवारी हमखास करते. "बाबा, तयारी कुठवर आली?" मी म्हणालो, सूटकेसचं अस्तर बदलतोय. "बरं, पण औषधं आठवणीने घ्या हं." मी म्हणालो, रोज घेतो की, त्यात आठवण कसली करून द्यायची? ती हसायला लागली. "बाबा, तुम्ही ना धन्य आहात. मज्जा करा!"

बॅग दुरुस्त करण्यात कसली आलीय मज्जा? पण पोरीचा आवाज ऐकून बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

शेवटी सॅकच. मी हार मानली असं नाही, पण दुसऱ्या कोणी शिवलेली सॅक घालून ही जाणार असेल तर त्यापेक्षा मीच केलेली बरी. उजवा पट्टा उसवून चार बोटं खाली घेतला, बक्कल पुढे आणलं म्हणजे हात मागे न्यायला नको. पाठीला मऊ गादी लावली. हिच्या उंचीला बेतून कंबरेचा पट्टा वर उचलला.

संध्याकाळी हिने विचारलं, "आपली एकच मोठी घेऊ या, की दोन लहान?"

"एकच. दोन कशाला?"

"एकीत बसेल सगळं?"

"मी बसवून दाखवतो."

हिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "बरं. मग मी माझे कपडे कमी करते. चारच जोड घेते." मी म्हणालो, अगं चार कशाला, सहा घे, जागा आहे. तर म्हणाली, "नको, अडचण नको कोणाला." खोडरबरच्या सामानाची एवढी काळजी! माझ्या सामानाची कधी इतकी केलेली आठवत नाही.

खरं सांगायचं तर मला मत्सर वाटतोय. बासष्टाव्या वर्षी बायकोच्या मैत्रिणीचा मत्सर. हसण्यासारखंच आहे.

दहा वर्षांपूर्वी हिने एकदा विचारलं होतं, कुठेतरी जाऊन येऊ या का. मी म्हणालो, दुकान कोण बघणार? पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. मग विचारायचं थांबली. दोष माझाच आहे. आता तिने स्वतःची सोय स्वतः केली तर मी तोंड कुठल्या तोंडाने वाकडं करू?

१७ मार्च, मंगळवार

एकट्याने राहायचं तर जेवायला काहीतरी करता यायला हवं म्हणून सकाळी अंडी उकडायला ठेवली. पाणी आटलं, अंडी तडकली, भांडं काळं झालं. ही धावत आली. "आता कशाला हे शिकताय? अठरा दिवस स्वयंपाकाला सुट्टी, आणि तुम्हाला नेमकी आत्ताच अंडी उकडायचीत!"

सुट्टी तिला. मी भांडं घासायला घेतलं.

दुकानात सॅकची शेवटची शिवण घालायला बसलो तर हात चालेना. शिवण संपली की बॅग तयार, आणि बॅग तयार झाली की ही निघाली. दुपारपर्यंत तशीच मांडीवर घेऊन बसलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, झोप लागली का?" मी म्हणालो, "नाही, विचार करतोय." ते म्हणालं, "मग मी उद्या येतो."

मला ही जायला नको आहे. कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिलं. पण ज्या बाईने तेहतीस वर्षं दुसऱ्यांसाठी रस्ते काढले, तिने ते बघू नयेत असं म्हणणारा मी कोण? शिवण घातली. दुहेरी घातली.

२२ मार्च, रविवार

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

ही खोडरबरकडे गेली होती. मला वाटलं, परत येईपर्यंत सगळी बॅग भरून ठेवू, खूश होईल. सहा जोड कपडे गुंडाळून उभे लावले, म्हणजे एक काढला तर बाकीचे हलत नाहीत. पाच नकाशे पाठीच्या कप्प्यात. खांद्याचं मलम वरच्या खिशात. आतल्या बाजूला कापडाची चिठ्ठी शिवली: "ही बॅग हरवल्यास कृपया मालकिणीच्या नवऱ्याला दुकानावर कळवावे. तो दिवसभर तिथेच असतो." खाली दुकानाचा नंबर.

ही आली, बॅग बघितली, "अय्या, भरलीत पण!" म्हणाली. गुडघ्यावर बसून एकेक कप्पा उघडला. हसत होती. मग हात थांबला.

"तुमचे कपडे?"

"माझे कपाटात."

तिने चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली बहुतेक, कारण एवढ्याशा चिठ्ठीला इतका वेळ लागत नाही.

"म्हणजे दुकान उघडं ठेवणार तुम्ही?"

"ठेवायला नको? अकरा बॅगा पडल्यात."

ती पलंगाच्या कडेला बसली. मी वाट बघत होतो की शिवण बघेल, गादी दाबून बघेल. तिने चिठ्ठीची कड बोटाने सारखी केली आणि म्हणाली, "बरं. मग मला चाकांचीच द्या. एकटीला तीच बरी."

तीन आठवडे मी हेच तर सांगत होतो! शेवटी माझं ऐकलं. पण जिंकल्यासारखं काही वाटत नाहीये. आणि खोडरबर असताना "एकटीला" कसं?

२४ मार्च, मंगळवार

ही रागावली की एरवी भांडी बोलतात. या वेळी भांडीही गप्प आहेत. "चहा घेणार?" "घेते." "साखर?" "चालेल." परक्या माणसाशी बोलावं तशी बोलते. मी दोनदा विचारलं, माझं काही चुकलं का. म्हणाली, "नाही हो, तुमचं कसं चुकेल. तुम्ही आपले खरे."

सूटकेसला नवी चाकं बसवली. मुलायम चालते.

२६ मार्च, गुरुवार

दुपारी खोडरबर दुकानात आली. तिच्या पर्सच्या चेनचा रनर निखळला होता. मी पक्कड घेऊन बसलो आणि सहज म्हणालो, "तुमची बॅग झाली का भरून?"

"माझी? मी कुठे निघालेय?"

"का? पाच शहरं."

"अहो, माझी सात मांजरं कोण सांभाळणार? मी नाही बाई. तुम्ही दोघं मजेत जाऊन या." मग डोळे बारीक करून म्हणाली, "तुमच्यासाठी खिडकी मिळावी म्हणून तिकिटाच्या रांगेत ती दोनदा उभी राहिली. तुम्हाला गाडीत मळमळतं ना?"

माझ्या हातातून पक्कड पडली. रनर कुठे गेला तो गेलाच, अजून सापडला नाही. तिला म्हणालो, पर्स उद्या न्या. ती गेली आणि मी ही वही काढली.

पहिल्या पानापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. "आपण आपलं सुटसुटीत निघावं." "धरणारं माणूस आहे ना." "आपली एकच मोठी घेऊ या, की दोन लहान?" घेऊ या! कुठल्या भाषेत घेऊ या म्हणजे एकटी घेते? आणि त्यावर मी सांगितलं, "एकच. दोन कशाला?" आणि तिने माझ्या कपड्यांना जागा व्हावी म्हणून स्वतःचे दोन जोड कमी केले.

परक्या बाईने चाक कण्हतंय म्हटलं तर मला आस वाकलेला दिसतो. घरचं माणूस तीन आठवडे तेच तेच सांगतंय, आणि मी ते नुसतं लिहून घेतलं. गाढव आहे मी.

भर दुपारी शटर ओढलं. समोरचा चावीवाला धावत आला, कोणी गेलं का म्हणून. मी म्हणालो, "नाही, अजून नाही." आणि पळालो. म्हणजे मला पळता येतं तेवढं.

ही जिन्यातच भेटली. बाहेरून येत होती, हातात एक पाकीट. मी म्हणालो, "मला न्यायचं होतंस?"

ती दोन पायऱ्या वर होती. म्हणाली, "मग इतके दिवस मी काय भिंतीशी बोलत होते?"

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं की तुम्ही दुकान पुढे करता. दोनदा विचारून बघितलं मी. तिसऱ्यांदा नाही ऐकायचं होतं मला. म्हणून या वेळी विचारलंच नाही. धरूनच चालले." मग ती एक पायरी खाली उतरली. "आणि तुम्ही मला चिठ्ठी शिवून दिलीत. मालकिणीचा नवरा म्हणे."

मी म्हणालो, मला वाटलं तू मला नेत नाहीयेस. ती म्हणाली, "मी? तुम्हाला सोडून? तुम्ही ना, खरंच," आणि पुढे बोलायचं सोडून तिथेच पायरीवर बसली. मीही बसलो. हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, दोन्ही असेल. मी म्हणालो, चल, तिकीट दाखव माझं. खिडकीचं दाखव.

तिने पाकीट पुढे केलं. आत एकच तिकीट होतं.

"तुमचं आत्ताच परत करून आले," ती म्हणाली.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी तिकीटघर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. दोन तारखेच्या गाडीत एकही जागा नाही. तीन तारखेला नाही. चार तारखेला आहे, तीही सरळ दुसऱ्या शहरापर्यंतची. म्हणजे पहिलं शहर गेलं.

घरी येऊन म्हणालो, तुझंही रद्द करू, दोघं पुन्हा नव्याने ठरवू. मला वाटलं, हो म्हणेल.

"नाही," ती म्हणाली. "त्या शहरावर मी सहा महिने डोळे फोडलेत. मी दोन तारखेला जाणार. तुम्ही मागून या."

"एकटी?"

"एकटी. गेले चार दिवस मी मनाची तयारी केलीय, ती फुकट नाही घालवणार."

मला लागलं ते. पण बरोबर आहे तिचं. सूटकेस तिची, कारण एकटीला सॅक चढवता येणार नाही. सॅक राहिली मला. पट्टे आता सैल करावे लागतील, पण एप्रिलच्या आत गिऱ्हाइकांच्या अकरा बॅगा द्यायच्या आहेत. त्या आधी.

२ एप्रिल, गुरुवार

सूटकेस डब्यात मी चढवली. खिडकीशी उभा राहिलो. मनात पुष्कळ होतं. शिट्टी झाली तेव्हा म्हणालो, "डावं चाक जरा ओढतं, सांभाळ." ती म्हणाली, "बरं." गाडी गेली.

चाक अजिबात ओढत नाही. मीच बसवलंय.

३ एप्रिल, शुक्रवार

घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. सकाळी दोन कप चहा केला, दोन्ही प्यायलो.

दुपारी दुकानावर फोन आला. ही नुसती उधळली होती. "अहो, ऐका! नदीच्या मागची ती गल्ली, मी बंद दाखवली होती ना? मोजणीवाल्याने तशीच दिली होती. ती बंद नाहीच! टोकाला पायऱ्या आहेत, खाली बाजारात उतरतात. मी उतरले! तीन वेळा उतरले!" एकटीने जेवायला गेली, एकटीने रस्ता चुकली, स्वतःच काढलेल्या नकाशात, आणि स्वतःच शोधून काढला. दगडी रस्त्यावर चाकं खरंच दात वाजवतात म्हणाली, लोक वळून बघतात.

मला आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, की माझ्यावाचून तिचं काही अडलं नाही. दोन्ही लिहितो, कारण दोन्ही खरं आहे.

ती म्हणाली, "बरं, ठेवते." आणि मी म्हणालो, "थांब. मला करमत नाही."

"काय?"

"तुझ्याशिवाय मला करमत नाही. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा मी दुकान उघडं टाकून घरी आलो होतो. हे सगळं मी आधीच सांगायला हवं होतं."

समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, ते छताकडे बघायला लागलं.

"ऐकू आलं का?" मी विचारलं.

"आलं," ती म्हणाली. "पण परत म्हणा."

मी परत म्हणालो, जरा मोठ्याने. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, मी नंतर येऊ का?" मी म्हणालो, "वीस तारखेला या. त्याआधी दुकान बंद आहे."

४ एप्रिल, शनिवार

हे मुक्कामी पोचल्यावर लिहितोय. ही आतल्या खोलीत कपडे लावतेय आणि मला हाक मारतेय, तरी चार ओळी लिहितोच.

गाडीत मळमळलं नाही. सॅकचे पट्टे सैल करायचे राहूनच गेले. हिच्या मापाची बॅग माझ्या पाठीवर इतकी वर बसली होती, की शेजारचा प्रवासी म्हणाला, "मानेवर का घेतलीय?" मी म्हणालो, बायकोची आहे.

ही फलाटाच्या टोकाला उभी होती. डाव्या हातात सूटकेसचा दांडा, चेहरा उन्हाने लाल. दोन दिवसांत काहीतरी बदललंय हिच्यात, जरा उंच झाल्यासारखी वाटली. मी जवळ गेलो. काय बोलावं ते गाडीत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"दाढी केली नाहीत," ती म्हणाली.

"वेळ नाही मिळाला."

"मी सकाळपासून इथेच आहे," ती म्हणाली. "गाडी दुपारची आहे हे माहीत होतं मला."

मी म्हणालो, आण ती सूटकेस इकडे. ती म्हणाली, असू द्या, तुमच्याकडे आहे एक. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बॅग पाठीवर आहे आणि माझे दोन्ही हात रिकामे आहेत. छत्तीस वर्षं लोकांना सूटकेसच घ्या म्हणून सांगत आलो, आणि सॅकची ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. मी हिचा उजवा हात हातात घेतला, खांद्याला ओढ बसणार नाही इतका खाली धरून. आजूबाजूला खूप लोक होते. हिने हात सोडवून घेतला नाही. गेटापर्यंत आम्ही तसेच आलो, आणि गेटाच्या बाहेर पडल्यावरही मी तो सोडला नाही.